गौरीच्या आवाजाची नोकरी

“अत्तान म्हणाली! सगळ्या तंजावूरसमोर म्हणाली. आता आणखी काय ऐकायचं राहिलं?”

अत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी नुकतीच कामावरून येऊन पुढच्या दारात चपला काढत होते. एक काढून झाली होती. दुसरी पायातच ठेवून मी तशीच उभी राहिले, कारण बोलणं माझ्याबद्दल होतं.

“ती कोठे म्हणाली, वन्सं?” आई सावधपणे म्हणाली. “म्हणाली ती टीव्हीतली मुलगी. आपली सुगुणा नुसती तमिळमध्ये सांगते.”

“आवाज कोणाचा होता?”

“आवाज हिचाच.”

“मग झालं तर,” अत्या म्हणाली, आणि कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. अत्यानं पेला असा टेकवला की आमच्या घरी विषय संपतो.

अत्तान हा तमिळ शब्द. मामाची मुलगी आत्याच्या मुलाला या नावानं हाक मारते, आणि पुढे त्याच्याशी लग्न झालं की तीच हाक नवऱ्याला चालते. नवं काही शिकावं लागत नाही. मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क असतो हे महाराष्ट्रातल्या वाचकांना मी सांगायला नको. पण तिकडे तो आता बराचसा थट्टेपुरता उरला आहे असं ऐकते. आम्ही तंजावूरचे मराठी. आम्हाला तमिळ शेजाराची साथ मिळाली, त्यामुळे आमच्याकडे ती थट्टा नाही. माझ्या अत्याला एकच मुलगा, श्रीधर. तिला एकच भाऊ, माझे अप्पा. अप्पांना एकच मुलगी. गणित इतकं सोपं होतं की उत्तर बरोबर आहे का, हे कुणी मला विचारलंच नाही.

हे सगळं ज्या नोकरीमुळे चव्हाट्यावर आलं, ती नोकरी केबलची.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, घरी मराठी, आणि तिन्ही भाषांत कमीच बोलणारी. शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी घेतली होती, त्यामुळे देवनागरी वाचता येते. आमच्या घरात ती वाचणारी मी एकटीच. पदवीनंतर बँकांच्या परीक्षा देत होते. तेवढ्यात आमच्या भागातल्या केबलवाल्याला तक्रारींच्या फोनवर बसायला मुलगी हवी आहे असं अप्पांना कळलं. माणूस समोर नसेल तर मला बरं बोलता येतं, हे अप्पांना ठाऊक होतं.

केबलवाल्याचं नाव सेल्वराज अण्णा. पूर्वी ते लग्नांना कर्णे आणि माईक भाड्यानं देत. मग उपग्रहांची चॅनेलं आली, आणि त्यांनी गच्चीवर डिश बसवल्या. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: आकाशातून येणारं प्रत्येक चॅनेल खोलीत एकेका डब्यात उतरतं, मग सगळी चॅनेलं एका काळ्या वायरीत कोंबायची, आणि ती वायर गच्च्यांवरून, नारळीच्या झाडांवरून घराघरांत न्यायची. वायर लांब गेली की चित्र अशक्त होतं. म्हणून मध्ये मध्ये खांबावर त्याला बळ देणारा डबा लावतात. त्या डब्याला वीज लागते ती त्याच गल्लीतली. म्हणजे एका गल्लीतले दिवे गेले की पुढच्या चार गल्ल्यांत पंखे फिरत असतात आणि टीव्हीवर मुंग्या. हे कुणालाही पटत नसे. “माझ्या डोक्यावर पंखा फिरतोय, आणि तू म्हणतेस करंट नाही?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही उत्तर देईन.

बाकीचे फोन तक्रारींचे नसतच. एक बाई मालिका सुरू व्हायच्या जरा आधी फोन करून सांगत, “सासूबाई न्हाताहेत, पाच मिनिटं थांबवून ठेव मा.” एक आजोबा बातम्या देणाऱ्या मुलीला रोज नवी साडी कोण देतं, याची चौकशी करत. एकांनी क्रिकेटचा सामना चालू असताना विचारलं, “आमच्या घरी भारत हरतोय. दुसऱ्या गल्लीत काय चाललंय?” मी सगळ्यांना तेच सांगायची: बघते, सांगते. बघायला आमच्याकडे मुरुगेसन होता. तो वायरमन. खांब, झाड, देवळाची भिंत, काहीही चढायचा. फक्त घरमालकिणींना भ्यायचा.

मग ती हिंदी मालिका आली. तिचं नाव आमच्या भागात कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. सगळे तिला ‘एट्टुमणी’ म्हणत, म्हणजे आठ वाजताची. गुरुवारी असायची. उत्तरेतली दोन राजघराणी, मध्ये एक तलाव, आणि तलाव कुणाचा यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. एका घराण्याचा वारस यशवर्धन. दुसऱ्या घराण्याची वारस हेमलता, लंडनहून शिकून आलेली. दोघांचं प्रेम. त्यात यशवर्धनच्या राजवाड्यात राहणारी, त्याला रोज दूध आणून देणारी गौरी.

तंजावूरला हिंदी येत नाही, पण राजवाडा कळतो. आमचा स्वतःचा आहे. पहिल्याच भागात अप्पा म्हणाले, “जेवताना पायांत बूट? हे कसले राजे?” आमचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले ते त्यांचं दप्तर सांभाळायला; त्यामुळे राजांनी कसं वागावं याबद्दल आमच्या घरात पक्की मतं आहेत. बुटांवर हरकत घेण्यासाठी अप्पा पुढचा एकही भाग चुकले नाहीत.

मालिका संपली की ऑफिसचा फोन सुरू व्हायचा. “ती रडली का?” “म्हातारा राजा एवढं काय ओरडला?” मला हिंदी येतं हे कुणाला तरी कळलं होतं. मी गोष्ट सांगायची, फोन ठेवायची, पुन्हा उचलायची, पुन्हा तीच गोष्ट. एका गुरुवारी सेल्वराज अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नांतला जुना माईक धुंडाळून काढला, त्याला नवी जाळी बसवली आणि माझ्यापुढे ठेवला.

“सुगुणाम्मा, एकदाच सांग. सगळ्यांना मिळून.”

मी नाही म्हणाले. म्हणजे मान हलवली. ते म्हणाले, “कुणी बघणार नाही. दार लावून घे.”

दार लावल्यावर जमलं. मी समोरच्या छोट्या टीव्हीवर बघायची. हिंदीत बोलणं सुरू झालं की अण्णा तो आवाज बारीक करायचे आणि मी तमिळमध्ये सांगायची. राजाचं, राणीचं, घोडेवाल्याचं, सगळ्यांचं मीच. आधी काही कळलेलं नसायचं. भाग जसा यायचा तसा मीही पहिल्यांदाच बघायची. पुरुषांचे आवाज काढायचा मी कधी प्रयत्न केला नाही. तरी म्हाताऱ्या राजाचा राग माझ्या तोंडून फार चांगला उतरतो, असं लोकांचं मत होतं. महिन्याभरात मला ‘कदै अक्का’ हे नाव पडलं. कदै म्हणजे गोष्ट. भाजीवाली मला तोंडानं ओळखायची नाही, पण मी वांग्यांचा भाव विचारला की मागे वळून बघायची.

पुढे अशा मालिका तमिळमध्येच येऊ लागल्या आणि कदै अक्काची गरज संपली. त्या बोलण्यातलं काहीही कुठे साठवलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि एका गुरुवारचं आठवलं की बरंही वाटतं.

अडचण आली ती गौरीमुळे. गौरी यशवर्धनच्या मामाची मुलगी, आणि ती त्याला हिंदीत ‘भैया’ म्हणायची. पहिल्या दिवशी मी अडखळले आणि नुसतं “गौरी दूध घेऊन आली” एवढंच म्हणून सुटका करून घेतली. भाग संपल्यावर अण्णांना विचारलं.

“नातं काय?” ते म्हणाले.

“त्याच्या आईच्या भावाची मुलगी.”

“म्हणजे मामाची मुलगी. मग अत्तान म्हण. यात विचारायचं काय?”

“पण ती त्याला भाऊ म्हणते. म्हणजे अण्णा.”

मुरुगेसन कमरेचा पट्टा सोडत होता. तो म्हणाला, “मामाची मुलगी अण्णा म्हणेल? माझ्या मामाच्या मुलीनं मला अण्णा म्हटलं असतं तर मी खांबावरून उडी मारली असती.”

“लोक माझ्या डिशवर दगड टाकतील,” अण्णांनी निकाल दिला. “अत्तान.”

खरं सांगायचं तर मलाही ते बरोबरच वाटलं. हिंदीचं पुस्तक मी पाठ केलं होतं, पण मामाची मुलगी बहीण असते हे काही त्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. तंजावूरला वाढलेल्या माणसाच्या कानाला मामाच्या मुलीच्या तोंडी ‘अण्णा’ म्हणजे जेवताना बूट.

एवढ्या एका हाकेनं गावाचे दोन भाग झाले.

गौरी कट्चीच्या पुढारी राजलक्ष्मी टीचर. कट्ची म्हणजे पक्ष. टीचर मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे रागवायला कुणी उरलं नव्हतं. त्या दर शुक्रवारी सकाळी ऑफिसात येत, खुर्चीवर बसत आणि माझ्यामार्फत मालिकेच्या निर्मात्याला सूचना देत. “घरात मामाची मुलगी असताना त्या लंडनवालीकडे बघतोच कसा? त्याला सांग, हे शोभत नाही.” कुणी मध्येच आलेला ‘भैया’ शब्द ऐकून शंका काढली, तर टीचर समजावत की भैया म्हणजे युवराज, उत्तरेतली पदवी आहे. हे त्यांनी इतक्या अधिकारानं सांगितलं होतं की ते खोडायचं माझ्यानं झालं नाही.

हेमलता कट्ची चालवायचे लॉरी बुकिंग ऑफिसचे गोविंदसामी. ते फोन करत. “अक्का, प्रेम केलं कुणावर? हेमलतेवर. मग दूध आणलं म्हणून लग्न? दूध आमच्याकडे पण एक बाई आणते.” त्यांचं ऑफिस आणि टीचरचं घर समोरासमोर होतं. गुरुवारी दोन्हीकडे टीव्ही मोठ्यानं लागत, आणि माझाच आवाज रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये भांडायचा. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये भिंतीवर पाटी लागली: इथे एट्टुमणीबद्दल बोलू नये. कारण विचारलं तर सलूनवाला म्हणाला, “माझ्या हातात वस्तरा असतो.”

अत्याच्या गावी, पापनाशममध्ये, अजून केबल पोचली नव्हती. म्हणून अत्या दर गुरुवारी दुपारच्या बसनं आमच्याकडे येऊ लागली. बरोबर केळी, नारळ, आणि राजघराण्यांविषयीची मतं. श्रीधर तंजावूरलाच खतांच्या कंपनीत होता, रेल्वेनं जायचा-यायचा. गुरुवारी तोही आमच्याकडे थांबायचा. शाळेची सगळी वर्षं तो आमच्याच घरी राहिला होता. त्याचा शाळेचा डबा आईच भरायची.

मी त्या वेळी ऑफिसात असायची, त्यामुळे घरी काय चालतं ते मला आईकडून कळायचं. ते असं:

अत्या म्हणायची, “बघ, कशी लाजून अत्तान म्हणाली.”

श्रीधर म्हणायचा, “त्याचं लक्ष कोठे आहे? त्याला हेमलता हवी.”

“त्याला काय हवं ते त्याला काय ठावे? आईला विचार म्हणावं.”

“त्याची आई त्याला विचारते का?”

मग अप्पा मोठ्यानं म्हणायचे, “पुन्हा बूट!”

लग्नाचा शब्द कुणीच काढत नव्हतं. काढायची गरजच नव्हती. सगळं राजवाड्यातल्या लोकांवर भागत होतं. फक्त एका गुरुवारी उठताना अत्या आईला म्हणाली, “तिकडे गौरीचं ठरलं की इकडे आपणही पानसुपारी करून घेऊ. तै महिना चांगला आहे.” तै म्हणजे संक्रांतीला सुरू होणारा तमिळ महिना. आई ‘हूं’ म्हणाली. आमच्याकडे हूं म्हणजे मी ऐकलं, एवढंच. पण अत्यानं त्याचा हवा तो अर्थ घेतला आणि पापनाशमला जाऊन मंडपवाल्याशी बोलली.

त्या रविवारी आईनं वडाम घातले होते. वडाम म्हणजे तांदळाच्या पिठाच्या सांडग्यासारखी वाळवणं. कावळे हाकायला मी आणि श्रीधर गच्चीवर बसलो होतो, लहानपणापासून बसतो तसे, एकाच छत्रीखाली.

“तू सांग,” तो म्हणाला.

“तू सांग. तुझी आई आहे.”

“म्हणून तर मला सांगता येत नाही.”

“मला चार माणसांत बोलता येत नाही, श्रीधर. तुला माहीत आहे.”

“अख्खं गाव तुझा आवाज ऐकत जेवतं.”

“ते माझं बोलणं नसतं. दुसऱ्यांचं असतं.”

तो थोडा वेळ काठी फिरवत राहिला. मग म्हणाला, “मग त्या हेमलतेचं लग्न लावून टाक लवकर. गौरी सुटली की आपण सुटलो.”

“मालिका मी लिहीत नाही, बाबा.”

“हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?”

मी त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात कावळ्यानं एक वडाम नेला, आणि आईनं खालून दोघांच्याही नावानं हाका मारल्या.

मला ते सुचल्याचं अजिबात आवडलं नाही. कदै अक्काच्या कामाची मी एकच इज्जत राखली होती: सांगायचं ते पडद्यावरचं. अत्तान ही एक हाक सोडली तर मी पदरचं कधी काही घातलं नव्हतं. टीचरांनी हेमलतेला दोन शिव्या घालायला सांगितल्या होत्या, गोविंदसामींनी गौरीच्या दुधात पाणी आहे असं म्हणायला सुचवलं होतं. मी दोन्ही वेळा मान हलवली होती.

मग तो गुरुवार आला.

राजवाड्यात सकाळपासून गडबड दाखवली. तोरणं, सनई, म्हातारी राणी जरीच्या लुगड्यात. आणि गौरी हातात चांदीचं ताट घेऊन आली. ताटात निरांजन, कुंकू आणि एक पिवळा दोरा. यशवर्धन पाटावर बसला. त्यानं उजवा हात पुढे केला.

उत्तरेत पौर्णिमेला बहीण भावाला दोरा बांधते हे मी हिंदीच्या पुस्तकात वाचलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी पुरुष जानवं बदलतात; बहिणीचा संबंध नाही. आमच्याकडे मनगटाला पिवळा दोरा बांधतात तो लग्नाच्या आधी. काप्पू म्हणतात. तो एकदा बांधला की नवरामुलानं गावाची वेसही ओलांडायची नाही. पिवळा दोरा मनगटावर दिसला की तंजावूरमधलं पोरही सांगेल, उद्या जेवण आहे.

गौरीनं दोरा उचलला आणि फोन वाजू लागला. मुरुगेसन दाराबाहेरून ओरडला, “कट्टियाच्चु!” म्हणजे बांधला. रस्त्यावरून टीचरांच्या घरातल्या बायकांची कुलवै ऐकू आली. मंगलकार्यात जीभ हलवून काढतात तो आवाज. सेल्वराज अण्णांचे डोळे भरून आले होते. सगळी हयात त्यांनी लग्नांत माईक लावले होते.

“सांग, सुगुणाम्मा,” ते कुजबुजले. “काप्पू बांधला म्हणून सांग.”

पडद्यावर कुणीच बोलत नव्हतं. नुसती सनई. गौरी गाठ मारत होती, तो बघत होता. आमच्या पुढच्या खोलीत या घटकेला काय चाललं असेल ते मला इथून दिसत होतं. अत्यानं पानाचा डबा ओढला असेल. आई हूं म्हणाली असेल.

मी माईक जवळ घेतला आणि तमिळमध्ये म्हणाले, “हा लग्नाचा दोरा नाही. उत्तरेत मामाची मुलगी ही बहीणच असते. बहीण भावाला हा दोरा बांधते.”

हे खरं होतं. इथे थांबायला हरकत नव्हती. सनई चालूच होती. मी थांबले नाही.

“गौरी मनात म्हणते आहे,” मी म्हणाले, “सगळ्यांनी ठरवलं म्हणून मी याला अत्तान म्हणत आले. आम्ही एका ताटात जेवलो. एका दिव्याखाली अभ्यास केला. दोघांना गोवरसुद्धा एकदमच आला. हा माझा भाऊ आहे. मला याची बायको व्हायचं नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं.”

सनई थांबली. यशवर्धन गौरीच्या डोक्यावर हात ठेवून हिंदीत एवढंच म्हणाला की सुखी राहा. ते मी जसंच्या तसं सांगितलं.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. हिंदी त्यांना येत नव्हतं, पण आयुष्यभर माईकशेजारी उभं राहिलेल्या माणसाला लिहिलेलं बोलणं कोणतं आणि आतलं कोणतं, एवढं कळत असावं. फोनचा रिसीव्हर उचलून त्यांनी टेबलावर बाजूला काढून ठेवला.

त्याचा उपयोग झाला नाही, कारण टीचर स्वतःच आल्या. घरातल्या साडीवर, रस्ता ओलांडून.

“बहीण?” त्या म्हणाल्या. “बहीण असेल तर इतकं दूध कशाला आणत होती?”

“टीचर, बहीणही दूध आणते.”

“माझ्या बहिणीनं कधी आणलं नाही.” त्या खुर्चीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, “पण बोलली छान. मला कुणी विचारलं असतं तर, म्हणाली ना? मलाही कुणी विचारलं नव्हतं.” आणि उठून गेल्या. बाहेर गोविंदसामींनी फटाक्यांची माळ लावली होती. टीचर जवळून गेल्या तेव्हा, का कुणास ठाऊक, गोविंदसामींनीच ती पायानं विझवली.

मी घरी पोचले तेव्हा श्रीधर शेवटची गाडी गाठायला निघून गेला होता; शेवटच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. अत्या डोकं दुखतं म्हणून भिंतीकडे तोंड करून निजली होती. अप्पा मला म्हणाले, “आज राजकुमार पाटावर अनवाणी बसला.” एवढंच. पण ते मला बघून म्हणाले, आणि जेवायला माझ्याशेजारी बसले.

सकाळी मी उठले तर अत्या अंगणात मोगरा गुंफत बसली होती. आई कापी घेऊन आली आणि आत जायचं विसरली. अप्पांनी पेपर उघडला होता, पण पान उलटत नव्हते.

“अगो, येथे बैस,” अत्या म्हणाली.

मी बसले.

“उत्तरेत मामाची मुलगी बहीण असेल. उत्तरेत पुष्कळ काही असतं. जेवताना बूट असतात. आपण दक्षिणेत आहोत.”

तिनं दोन फुलं गाठीत धरली, दोरा दातानं तोडला.

“ते नव्हे. मला एक सांग. ती गौरी. राजवाड्यातली. तिला खरंच गोवर आला होता?”

अत्यानं आता माझ्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. तिला उत्तर ठाऊक होतं. त्या आजारात ती पापनाशमहून येऊन राहिली होती आणि कडुनिंबाचा डहाळा घेऊन तिनं आम्हा दोघांना रात्रंदिवस वारा घातला होता. तिला फक्त ते कुणाकडून तरी ऐकायचं होतं. आणि तिथे माईक नव्हता, लावायला दार नव्हतं, आणि तीन माणसं माझ्याकडे बघत होती.

“नाही, अत्या,” मी म्हणाले. “तिला नाही आला. ती काल काहीच बोलली नाही, नुसती सनई वाजत होती. ते सगळं मी बोलले.”